मच्याडोंना पाठवलेली मैत्री

रागाच्या भरात माणसाची फजिती होते, हे तुम्ही ऐकलं असेल. माझी झाली ती प्रेमाच्या भरात! थांबा, थांबा, तसं बघू नका. तसलं प्रेम नव्हे. बायको आत चहा टाकतेय, म्हणून आधीच खुलासा करून ठेवतो.

तर आमच्या माणिकपूरच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर मच्याडो. डोक्यावर म्हणजे अक्षरशः! त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या बाथरूमच्या छतातून झिरपायचं. आधी बशीएवढा डाग पडला. मग ताटाएवढा झाला. मग परातीएवढा होऊन त्याला हिरवी दाढी फुटली. मी आंघोळीला छत्री घेऊन जायचो असं बायको लोकांना सांगते. साफ खोटं आहे. टोपी घालून जायचो.

मच्याडो मूळचे उमेळ्याचे. तिथे त्यांची वाडी होती, विहीर होती, केळी होत्या. आता तिथे टॉवर आहे. हा माणूस फ्लॅटमध्ये राहायला आला तो अर्धी वाडी बरोबर घेऊनच. गॅलरीत ड्रम, ड्रमात केळ, केळीला सकाळ-संध्याकाळ पाणी.

"अहो मच्याडो, तुमचं पाणी आमच्याकडे येतंय," मी एकदा सांगायला गेलो.

"मग? पानी वरून खाली येनार. खालून वर जानार काय?"

आता याच्यावर काय बोलणार, सांगा! माझी बायको शुभांगी शाळेत विज्ञान शिकवायची. तीसुद्धा म्हणाली, नियम त्यांचा बरोबर आहे. तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात मच्याडो दिसले की मी भिंतीकडे बघायचो आणि ते छताकडे. मी नुकताच रिटायर झालो होतो, त्यामुळे रागवायला दिवसभर मोकळा! व्हायचं तेच झालं. बीपी वाढलं.

डॉक्टर म्हणाले, "दळवी, आता गोळ्या वाढवून उपयोग नाही. डोकं शांत ठेवा. लोकांशी गोड बोला."

गोड बोला! साखर बंद करणारा डॉक्टर गोड बोलायला सांगतो!

शुभांगीच्या शाळेतल्या एक मैत्रीण आहेत, सुजाताताई. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी इथल्या विहारात ध्यानाचा वर्ग घेतात. शुभांगीने मला तिथे नेऊन सोडलं. म्हणजे बालवाडीत सोडतात ना, तसंच. "रडले तर मला फोन करा," असंही वर ताईंना सांगून गेली.

ताई फार गोड बाई. पांढरी साडी, हळू आवाज. त्यांनी मैत्री भावना शिकवायला घेतली. डोळे मिटायचे आणि मनापासून म्हणायचं, मी सुखी असो, निरोगी असो, निर्भय असो. मग तीच इच्छा आपल्या माणसासाठी करायची. मग जेमतेम ओळखीच्या माणसासाठी. आणि शेवटी ज्याच्याशी आपलं अजिबात जमत नाही, त्याच्यासाठी.

स्वतःसाठी मला लगेच जमलं. इतकं छान जमलं की घोरायला लागलो. बायकोसाठी पण जमलं. पण शेवटच्या माणसाची पाळी आली, आणि मिटल्या डोळ्यांसमोर कोण? बनियनवर, हातात झारी घेऊन, मच्याडो!

"मच्याडो सुखी असोत," मी दात-ओठ खात म्हणालो. "मच्याडो निरोगी असोत. मच्याडोंचं प्लंबिंग…"

"दळवीसाहेब," ताई म्हणाल्या, "अट घालायची नाही."

पण काय सांगू, करता करता खरंच काहीतरी झालं. एका रविवारी मच्याडो डोळ्यांसमोर आले आणि मला राग येईचना! उलट वाटलं, या बिचाऱ्याची वाडी गेली, विहीर गेली. दोन ड्रमांत जीव रमवतोय. माझे डोळे भरून आले. मी ताईंना म्हणालो, "ताई, मला आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांची क्षमा मागावीशी वाटतेय!"

"छान आहे. पण घाई नको," ताई म्हणाल्या. "आधी मनात मुरू दे. मग नीट विचार करून बोला."

मुरायला ते काय लोणचं आहे? मी घरी आलो, शुभांगी बाजारात गेली होती, डाळीचा कुकर गॅसवर ठेवला आणि तडक वर जाऊन बेल दाबली.

मच्याडोंनी दार उघडलं. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, अर्धा गाल गुळगुळीत. मला बघून ते दोन पावलं मागेच सरकले.

मी हात जोडले. "मच्याडो, माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर मला क्षमा करा. मीही तुम्हाला मनापासून क्षमा केली. आता कुणाबद्दल मनात काही ठेवायचं नाही, असं ठरवलंय."

मच्याडो बघतच राहिले. "काय झाला काय?"

"काही नाही हो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आता गोळ्यांचा उपयोग नाही. म्हणाले, सगळ्यांशी गोड बोला, शांत राहा."

मच्याडोंच्या हातातला रेझर खाली आला. "घरात सांगितलास?"

आता मला वाटलं, मी क्षमा मागायला आलोय ते घरात सांगितलं का, असं विचारतायत. कारण या भांडणात शुभांगी माझ्याहून कडक. म्हणून मी हळू आवाजात म्हणालो, "नाही हो. तिला कळलं तर आकांत करेल. योग्य वेळ बघून मीच सांगेन. तुम्ही काही बोलू नका."

"नाय, नाय," मच्याडोंनी दार सताड उघडलं. "बस ना आत. दोन मिनटां बस."

"नको. माझ्याकडे वेळ फार कमी आहे."

कुकरची तिसरी शिट्टी झाली असणार हो! डाळ करपली असती! पण हे त्या माणसाला काय ठाऊक?

मी जिना उतरताना मागे वळून बघितलं. मच्याडो अजून दारातच उभे होते. फेस ओघळून बनियनवर आलेला. मला वाटलं, बघा मैत्रीची ताकद! माणूस हलला!

दुसऱ्या दिवशी सकाळीच वर धाडधाड हातोडे सुरू झाले. मच्याडो बाथरूम फोडत होते! ज्या माणसाने माझा अर्ज घेतला नाही, सोसायटीची नोटीस घेतली नाही, तो एका नमस्कारात फरशी उखडायला तयार! आठवडा संपायच्या आत आमचं छत खडखडीत वाळलं. दाढीसकट डाग खरवडून मच्याडोंच्या गवंड्याने चुनासुद्धा मारून दिला.

मी गोंधळलो. आनंद झाला, पण गोंधळलो. इतकं लवकर? एवढ्याशा ध्यानाने?

आणि ही तर सुरुवात होती!

मच्याडोंची बायको फिलोमिना डबा घेऊन आली. गरम फुगे आणि कोंबडीचा रस्सा. फुगे म्हणजे त्यांचे ते तळलेले गोल पाव, मऊ लुसलुशीत. मी खात असताना ती समोर बसून नुसती माझ्याकडे बघत होती.

"खा हो दळवी, खा. जे मनात आसेल ते सांग, मी करून आनीन."

जे मनात असेल ते! लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, पाटील. खाडीकडच्या गावचा, दांडगा गडी. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की हा म्हणायचा, "काका, बसा खाली." तोच पाटील आता माझ्या हातातली भाजीची पिशवी हिसकावून घेऊन वर आणून द्यायला लागला. झाडाखालची सावलीतली स्कूटर लावायची जागा, जिच्यासाठी पूर्वी मारामारीची वेळ आली होती, ती स्वतःहून मला दिली.

"काका, त्रास होतो काय ओ तुमाला?" एकदा जिन्यात त्याने फार हळवेपणाने विचारलं.

मला वाटलं, ध्यानाबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "सुरुवातीला फार वेदना व्हायच्या रे. गुडघे, कंबर, पाठ. आता वेदनेकडे नुसतं बघतो. येते, थोडा वेळ राहते, जाते."

"आनि रात्री झोप?"

"झोपेचं काय एवढं? सगळंच जाणार आहे शेवटी. धरून काय ठेवायचं? आता मला फक्त शांतपणे पुढे जायचंय."

पाटलाने पिशवी खाली ठेवली आणि जिन्यातल्या मीटरच्या पेटीकडे तोंड करून नाक शिंकरलं. मला वाटलं, काय हा परिणाम! दोन वाक्यांत पाटलासारखा माणूस रडतो! आपल्या बोलण्यात काहीतरी तेज आलंय, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं. आरशातही जरा दिसायचं.

विहारात मी ताईंना मोठ्या थाटात सांगितलं, "ताई, एका मच्याडोला मैत्री पाठवली, आख्खी बिल्डिंग वितळली!"

ताईंच्या कपाळाला आठी पडली. "आख्खी? काहीतरी चुकतंय, दळवीसाहेब. मी इतकी वर्षं करतेय, माझी शेजारीण अजून कचरा माझ्याच दारात टाकते."

मी मनात म्हटलं, असतो एकेकाचा अधिकार! आणि लगेच ताईंनाही थोडी मैत्री पाठवली.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं.

"तुम्ही नक्की काय करून ठेवलंय?" शुभांगीने एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं. "मी खाली गेले की बायका बोलायच्या थांबतात. फिलोमिना माझा हात धरून म्हणते, धीर धर. कसला धीर? परवा पाटलाची बायको मला मिठी मारून रडली. मी पालक निवडत होते हो!"

"मैत्रीचा प्रवाह आहे, शुभांगी. माझ्याकडून निघतो तो तुझ्यापर्यंत पोचतोय."

"प्रवाह गेला खड्ड्यात! रडतात का त्या?"

खरं सांगायचं तर ते मलाही कळत नव्हतं. मैत्रीने लोक हसायला पाहिजेत ना? हे सगळे माझ्याकडे बघून डोळे का पुसतात? मी लिफ्टमध्ये शिरलो की गप्पा बंद. मी साधं खोकलो तरी तिघं पाणी घेऊन धावतात. मला प्रश्न पडायचा. पण समोर फुगे आले की माणूस प्रश्न विचारत नाही. तुम्ही विचारला असता का?

अशात मच्याडो स्वतः खाली आले. डोकं खाली घालून म्हणाले, "शनवारी सांजेला आमच्याकडे रोझरी ठेवलेय. तुझ्यासाठी. बाईला पन घेऊन ये. सगळे येतील."

रोझरी म्हणजे ते लोक माळ हातात घेऊन एकत्र प्रार्थना करतात ती. माझ्यासाठी! मला गहिवरून आलं. शुभांगीला म्हणालो, "बघितलंस? मी विहारातून पाठवली, ते घरून परत पाठवतायत. याला म्हणतात माणुसकी."

शनिवारी संध्याकाळी आम्ही वर गेलो. मी मुद्दाम पांढरा झब्बा घातला होता. दार उघडलं तर हॉल खच्चून भरलेला! बिल्डिंगमधलं झाडून सगळं माणूस हजर. मेणबत्त्या लावलेल्या, मधोमध गादी घातलेली आरामखुर्ची, आणि ती माझ्यासाठी. दोघांनी मला दंडाला धरून बसवलं. पायाखाली कुणीतरी उशी सरकवली. शुभांगीला फिलोमिनाने आपल्याजवळ घेतलं आणि तिचा हात जो धरला तो सोडेचना.

प्रार्थना सुरू झाली. मीही डोळे मिटून माझं चालू केलं. सगळे सुखी असोत, सगळे निरोगी असोत. काय शांतता होती हो! अगदी तरंगल्यासारखं वाटत होतं.

प्रार्थना संपली. मच्याडो म्हणाले, "दळवी, दोन शब्द बोल. जमेल ना?"

जमेल ना काय? मी तयारच होतो! उभा राहिलो. चार जण सावरायला पुढे आले.

"मित्रहो," मी सुरू केलं, "आज तुम्ही सगळे माझ्यासाठी जमलात. इतकी वर्षं आपण पाण्यावरून, पार्किंगवरून भांडलो. आता मला त्याचं काही वाटत नाही. मी सगळ्यांना क्षमा करून मोकळा झालो. मागे राहते ती फक्त मैत्री…"

पुढे मला बोलताच आलं नाही, कारण पाटलाने मोठ्याने हंबरडा फोडला! तो सरळ माझ्या पायाशी येऊन बसला. "काका! तुमी काय बी काळजी करू नका! काकीला आमी बघू! जलमभर बघू!"

"मला का बघणार?" शुभांगी एकदम उभी राहिली. "हे कुठे निघालेत?"

सगळ्यांच्या माना फिलोमिनाकडे वळल्या.

"जेजू!" फिलोमिनाने देवाचं नाव घेत तोंडावर हात ठेवला. "हिला आजून सांगितलाच नाय!"

"काय सांगितलं नाही?"

मच्याडो पुढे आले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बाई, तू मन घट कर. डाक्टरनी हात टेकलेत. औषध लागू पडत नाय. दळवीकडे आता वेळ कमी हाय."

शुभांगी सोफ्यावर बसली आणि आता तिनेच फिलोमिनाचा हात घट्ट धरला.

आणि मी? तुम्हाला वाटेल, मी लगेच हसून खुलासा केला असेल. छे! मी खुलासा कसला करणार? कारण मला वाटलं, यांना माहिती आहे आणि मलाच नाही! डॉक्टर बाहेर बोलले असणार! म्हणून फुगे! म्हणून पार्किंग! म्हणून रोज हे रडगाणं! अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक, आणि मी वेडा तेज आलंय म्हणून आरशात बघतोय!

ती शांती, ती तटस्थता, ते येतं-जातं, कुठल्या कुठे उडालं! मी झेप घेऊन मच्याडोंच्या शर्टाची कॉलर धरली.

"मच्याडो! खरं सांगा! मला काय झालंय?"

"आरे, मला काय ठाऊक?"

"लपवू नका! किती दिवस आहेत? अहो, मला नाही जायचं! मी नुकताच रिटायर झालोय! पेन्शनसुद्धा अजून धड सुरू झाली नाही!"

"सोड! सोड आदी!" मच्याडो ओरडले. "तूच आलास ना सांगायला! डाक्टर बोल्ला, आता गोळ्यांचा उपयोग नाय!"

"ते बीपीचं होतं!"

"काय?"

"बीपी! बीपीच्या गोळ्या! राग कमी करा म्हणाले!"

"आनि वेळ कमी हाय बोल्लास तो?"

"कुकर लावून आलो होतो हो!"

मी कॉलर सोडली. पाटील माझ्या पायाशी बसला होता, तो हळूच उठला. गुडघे झटकत म्हणाला, "बीपी? बीपी तर मला पन हाय."

"मला पण," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझं तर तुमच्याहून जास्त आहे," आणखी एक आवाज आला.

मच्याडो एकटक माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "बीपीसाठी? आरे, तुझ्या बीपीसाठी मी आक्खा बाथरूम फोडला?"

पहिल्यांदा हसली ती फिलोमिना. भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शुभांगी. ती रडत होती की हसत होती, हे मला आजही माहीत नाही, पण मध्येच उठून तिने माझ्या पाठीत जो धपाटा घातला त्यात शंकेला जागा नव्हती. हळूहळू सगळा हॉल हसायला लागला. मच्याडो सोडून. ते आत जाऊन नवीन बाथरूमचं दार लावून बसले. रोझरीनंतर द्यायला केलेला केक तरीही सगळ्यांना मिळाला. मला अगदी पातळ तुकडा आला.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली पाटलाची स्कूटर उभी होती.

ताईंना मी सगळं सांगितलं. त्या गंभीर बाई, पण रुमाल तोंडाला लावून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मैत्री खरी होती तुमची, त्यात वाद नाही. पण दळवीसाहेब, मैत्रीबरोबर प्रज्ञाही लागते. समोरचा रडतोय, तर का रडतोस म्हणून विचारावं माणसाने."

"आणि समता, ताई? सुखदुःखाकडे तटस्थपणे बघायची? ती मला थोडी आली होती असं वाटतं."

"कॉलर धरेपर्यंत आली होती," ताई म्हणाल्या.

मच्याडो काही दिवस बोलले नाहीत. मग एकदा जिन्यात समोरासमोर आलो. मी भिंतीकडे बघायला लागलो, तर तेच म्हणाले, "छत सुकला ना नीट?" मी म्हटलं, "हो." "बरा झाला," म्हणाले आणि माझ्या हातात चार केळी कोंबून वर गेले. गॅलरीतल्या ड्रमातली पहिली केळी होती ती. इतकी गोड केळी मी आयुष्यात खाल्ली नाहीत. तेव्हापासून आमचं बरं चाललंय. रविवारी मी ध्यानाला जातो, ते चर्चमध्ये मिस्साला जातात, आणि येताना कोपऱ्यावर चहा एकत्र पितो.

फक्त एक झालंय. गेल्या महिन्यात मला खरोखरच सडकून ताप आला. हुडहुडी भरलेली, तोंडाला चव नाही. शुभांगीने वर फोन केला. पाच मिनिटांत मच्याडो खाली आले. मला वाटलं, कपाळावर हात ठेवतील, धीर देतील. त्यांनी एक शब्द न बोलता खिशातून थर्मामीटर काढला, माझ्या तोंडात खुपसला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. मग तो काढून खिडकीशी नेला, उजेडात धरला, चष्मा वर करून बघितला, चष्मा खाली करून बघितला. तेवढ्याने भागेना. शुभांगीला दाखवला आणि विचारलं, "बाई, तुला पन एवडाच दिसतो ना?"

ती "हो" म्हणाल्यावर मच्याडो दारात गेले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात जिन्यातून ओरडले,

"फिलोमिना! खरा हाय गो! पेज पाठव!"